खोडदचें आकाश-दप्तर

पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले. ते कागद ज्या कारकुनांनीं लिहिले, त्यांच्यापुढें इतिहासलेखनाचा हेतु नव्हता. जमाखर्च, पत्रव्यवहार, मोहिमांच्या बातम्या हें सारें त्यांनीं रुमालांत बांधून ठेविलें, आणि पुष्कळ वर्षांनंतर अभ्यासकांनीं त्याच कागदांना असे प्रश्न विचारले कीं, जे त्या कारकुनांना स्वप्नांतहि सुचले नसते. कागद राहिले म्हणून प्रश्न विचारतां आले. जे जळाले, किंवा वाळवीनें खाल्ले, त्यांना कोण काय विचारणार?

याच पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत, जुन्नर तालुक्यांतील खोडद या गांवीं, तसेंच दुसरें एक दप्तर सांठत आलें आहे. तें आकाशाचें दप्तर आहे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची कीर्ति सर्वत्र झाली आहे. शाळांच्या सहली तेथें जातात आणि पांढऱ्या जाळीच्या तबकड्या पाहून मुलें चकित होतात. परंतु त्या तबकड्यांनीं जें टिपलें तें पुढें कोठें जातें, त्यांतील किती ठेवतात आणि किती सोडून देतात, याचा इतिहास क्वचित्‌च कोणी सांगतो. वस्तुतः दुर्बिणीची योग्यता जितकी तिच्या तबकड्यांवर, तितकीच त्या सांठ्यावर व त्याच्या जोडणीवर अवलंबून असते.

जुन्नरचा आणि आकाशांतील लहरींचा संबंध या दुर्बिणीहून जुना आहे. नारायणगांवाजवळ आर्वी येथें १९७१ सालीं विक्रम भूकेंद्र सुरू झालें, आणि कृत्रिम उपग्रहामार्फत परदेशाशीं बोलण्याची सोय भारतास प्रथम तेथून झाली. खोडदची कल्पना १९८४ च्या सुमाराची. ती प्राध्यापक गोविंद स्वरूप यांची. त्यांचा जन्म १९२९ चा, संयुक्त प्रांतांतील. १९६३ सालीं ते अमेरिकेंतून परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रुजू झाले. सिडनीजवळील पॉट्स हिल येथें वापरून झालेल्या सहा फुटी ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियानें भारतास दिल्या होत्या. त्या त्यांनीं १९६५ सालीं कल्याण येथें मांडून सूर्याचें निरीक्षण केलें. पुढें उटकमंड येथें डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण उभारली. ती १९७० मध्यें कामास लागली. खोडद ही त्यांची तिसरी आणि सर्वांत मोठी उभारणी.

येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक किलोमीटरच्या चौरसांत असून बाकीच्या १६ तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर आहेत. दूरच्या टोंकांमधील अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातें. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून पोलादाच्या बारीक तारांची जाळी दोरांसारख्या ताणलेल्या सांगाड्यावर बसविलेली आहे. एका मीटरच्या आसपास लांबी असलेल्या लहरींना ही जाळी आरशासारखी वाटते, वाऱ्याला मात्र ती वाट देते. यामुळें वजन व खर्च दोन्ही कमी झाले. ४ ऑक्टोबर २००१ रोजीं रतन टाटा यांच्या हस्तें ही दुर्बीण जगांतील वैज्ञानिकांस अर्पण करण्यांत आली, आणि २००२ पासून निरीक्षणासाठीं कोणत्याहि देशाच्या अभ्यासकास अर्ज करतां येऊं लागला.

ही जागा निवडली ती येथें मानवनिर्मित लहरींचा गोंगाट कमी म्हणून. तो तसाच कमी राहावा यासाठीं दुर्बिणीभोंवतीं ३० किलोमीटरच्या टापूंत कारखान्यांवर निर्बंध आले. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील लोकांना त्याची किंमत मोजावी लागली आहे. पुणें-नाशिक लोहमार्गाची आंखणीहि या कारणावरून वादांत सापडली. ज्या नोंदींसाठीं एवढ्या मुलखानें आपला आवाज आवरता घेतला, त्या नोंदी नीट राखणें हा केवळ शास्त्रज्ञांच्या सोयीचा प्रश्न उरत नाहीं.

आतां या नोंदी कशा असतात तें पाहूं. सामान्य समजूत अशी कीं, दुर्बीण चित्र काढते. खोडदची दुर्बीण चित्र काढीत नाहीं. प्रत्येक तबकडीच्या केंद्राशीं येणारी क्षीण विद्युत्-लहर जमिनींत पुरलेल्या कांचतंतूंतून प्रकाशाच्या रूपानें मध्यवर्ती इमारतींत येते. तेथें तिचें मोजमाप होऊन तिचे आंकडे बनतात. मग प्रत्येक दोन तबकड्यांच्या लहरी एकमेकींशीं ताडून पाहतात. ३० तबकड्यांच्या अशा जोड्या ४३५ होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या रूपाविषयीं एक तुटक साक्ष देते, आणि या साक्षी एकत्र जुळवून गणितानें चित्र सिद्ध करावें लागतें. चित्र हा निकाल आहे. साक्षी हें दप्तर.

मूळ आंकड्यांचा हिशेब केला म्हणजे अडचण ध्यानांत येते. ३३ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा लहरींचा पट्टा घेतला तर त्याचें माप सेकंदास सुमारें ६ कोटी ६० लक्ष वेळां घ्यावें लागतें. प्रत्येक तबकडीचे दोन प्रवाह, तबकड्या ३०, आणि प्रत्येक मापास एक बाइट, म्हणजे एका रोमन अक्षरास लागणारी जागा. बेरीज सेकंदाला सुमारें ४०० कोटी बाइटांवर जाते, आणि एका तासांत १४ लक्ष ४० हजार कोटींवर. व्यवहाराच्या भाषेंत हे १४ टेराबाइटांहून अधिक झाले. एवढा सांठा करणें प्रारंभींच्या वर्षांत कल्पनेंतहि शक्य नव्हतें. म्हणून जोड्यांचा गुणाकार तेथल्या तेथें, त्याच क्षणीं, खास बांधलेल्या यंत्रानें करीत. सोळा-सोळा सेकंदांची सरासरी काढीत. आणि तेवढीच लिहून ठेवीत. पट्ट्याचे २५६ भाग धरले तर अशी नोंद तासाला सुमारें ४३ कोटी बाइट भरते. मूळ प्रवाहाच्या तेहतीस हजारांत एक भाग राहिला, बाकीचा गेला. निरीक्षक आपापली नोंद चुंबकीय फितींवर उतरवून घेऊन जात.

जें गेलें त्यांत केवळ कचरा होता असें नाहीं. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारेंत ठिणगी पडली तर तिचा आवाज क्षणार्धांत येतो व जातो; मूळ आंकडे हातीं असतील तर तेवढाच क्षण वगळतां येतो. सोळा सेकंदांच्या सरासरींत ती एकदां मिसळली म्हणजे ताकांतून पाणी वेगळें काढण्यासारखें होतें. उलट एखाद्या ताऱ्याची सेकंदाच्या हजाराव्या भागांतील थरथर, जी अभ्यासकास हवी असते, तीहि त्याच सरासरींत बुडते. थरथरणाऱ्या ताऱ्यांसाठीं निराळी, शीघ्र नोंद घ्यावी लागते. २००४ सालीं एनजीसी १८५१ या तारकागुच्छांत या दुर्बिणीनें आपला पहिला नवा पल्सर शोधला तो अशा शीघ्र नोंदीमुळेंच.

सांठ्याची ही अडचण जगभर इतरांनाहि होती, आणि तिच्यावरील उपाय खगोलशास्त्रासाठीं निघाले नाहींत. ते निघाले पेढ्यांसाठीं, व्यापारासाठीं, कचेऱ्यांसाठीं. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें फिरत्या चुंबकीय चकत्यांचें पहिलें यंत्र विक्रीस आणलें. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, कपाटाएवढा आकार, आणि त्यांत मावणारीं अक्षरें ५० लक्ष. पुढील तीस वर्षांत हीच डिस्क लहान व स्वस्त होत गेली, पण ती एकाच संगणकाची दासी राहिली. १९८६ मध्यें प्रमाणित झालेल्या स्कझी पद्धतीनें एका तारेवर कांहीं थोडीं उपकरणें जोडतां येऊं लागलीं. तरीहि तार आंखूडच, आणि संगणक बंद पडला कीं त्याच्या डिस्कवरील सर्व कांहीं कुलुपांत.

१९८८ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्‌झ यांनीं रेड नांवाची युक्ति मांडली. ती घरगुती हिशेबानें समजण्यासारखी आहे. तीन डिस्कांवर ७, ४ व ९ हे आंकडे लिहिले; चौथीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेविली. आतां ४ ची डिस्क बिघडली तरी वीसांतून सोळा वजा करून हरवलेला आंकडा परत मिळतो. यंत्रांत बेरजेऐवजीं निराळी क्रिया असते, पण मर्म हेंच. शिवाय लेखन एकाच वेळीं अनेक डिस्कांवर वांटलें गेल्यामुळें वेगहि वाढतो. मात्र रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हें पुष्कळांच्या ध्यानांत उशिरां येतें. कोणी चुकून नोंद पुसली तर ती सर्व डिस्कांवरून तितक्याच इमानानें पुसली जाते. आणि डिस्का मोठ्या झाल्या तसा बिघडलेली डिस्क पुन्हां भरून काढण्यास वेळ अधिक लागूं लागला. तेवढ्यांत दुसरी बिघडली तर? म्हणून दुहेरी हिशेब ठेवण्याची पद्धति रूढ झाली.

दुसरा प्रश्न जोडणीचा, आणि तो समजण्यास जुन्नर-आंबेगांवच्या लोकांना फार दूर जावें लागत नाहीं. कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांपैकीं येडगांव, माणिकडोह, वडज व पिंपळगांव जोगें हीं जुन्नर तालुक्यांत आहेत. पांचवें डिंभें हें घोड नदीवर आंबेगांव तालुक्यांत आहे. तालुक्याला नांव देणारें आंबेगांव त्याच्याच जलाशयाखालीं गेलें. डिंभ्याचें पाणी डाव्या कालव्यानें येडगांवास येतें व तेथून पुढें जातें. धरण एका नदीवर, शेत दुसऱ्या खोऱ्यांत. तरी कालवा, दरवाजे व पाळीचे नियम यांमुळें तें पाणी त्या शेताचें होतें. भांडण होतें तें बहुधा पाण्याच्या अस्तित्वावरून नव्हे, तर दरवाजा कोणासाठीं केव्हां उघडावा यावरून.

संगणकांच्या सांठ्याचेंहि असेंच घडलें. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें १९८४ मध्यें अशी व्यवस्था केली कीं, एका संगणकानें आपल्या डिस्का संभाळाव्या आणि जाळ्यावरील इतरांनीं त्याच्याकडे मागणी करून हवी ती नोंद घ्यावी. यांत कारभारी एकच असल्यामुळें गोंधळ कमी. पण सर्व गर्दी त्याच्याच दारीं. १९९४ मध्यें फायबर चॅनल हें प्रमाण ठरलें आणि मोठ्या कचेऱ्यांनीं दुसरी वाट धरली. डिस्कांचें कपाट स्वतंत्र ठेवावयाचें, त्याचे भाग पाडावयाचे, आणि प्रत्येक सर्व्हरला एकेक भाग असा नेमून द्यावयाचा कीं त्याला तो आपल्या पोटांतील डिस्कच वाटावा.

ही नेमणूक हें जबाबदारीचें काम आहे. आधीं डिस्कांचा रेड-संच बांधावा. मग त्याचे भाग करावे. मधल्या जोडपेटींत कोणत्या सर्व्हरचा कोणत्या कपाटाशीं संबंध यावा तें ठरवावें. कपाटालाहि कोणाला कोणता भाग दिसावा हें सांगावें. प्रत्येक सर्व्हरपासून कपाटापर्यंत निदान दोन वेगळ्या वाटा ठेवाव्या, म्हणजे एक तार तुटली तरी काम अडत नाहीं. यांत हयगय होऊन एकच भाग दोन सर्व्हरांना मोकळा राहिला, तर अनर्थ ओढवतो. दोन कारकून एकच खातेंवही आपापल्या आठवणीवरून लिहीत बसावे तसें होतें. कोणतें पान रिकामें हें प्रत्येकजण स्वतःच ठरवितो, आणि दोघांच्याहि नोंदी एकमेकींवर पडतात. ज्यांना खरोखर सामायिक भाग हवा असतो त्यांना त्यासाठीं खास फाइल-पद्धति वापरावी लागते, जींत लिहिण्यापूर्वीं दुसऱ्याची परवानगी घेतली जाते.

पेढीचें काम आणि दुर्बिणीचें काम यांत मात्र मोठा भेद आहे. पेढींत हजारों लहान नोंदी येतात, आणि क्षणभर विलंब झाला तर गिऱ्हाईक थांबतें. आकाश थांबत नाहीं. खोडदला लहान नोंदींची गर्दी नसून एकाच अखंड प्रवाहाचा लोट असतो. डिस्क क्षणभर अडखळली तर तेवढें आकाश कायमचें गेलें. २०१० च्या सुमाराच्या एका साध्या डिस्कवर सेकंदाला फार तर १० कोटी बाइट लिहितां येत. एका तबकडीचे दोन प्रवाह मिळून १३ कोटींच्या वर होतात. म्हणजे एका तबकडीचा भारहि एका डिस्कला पेलणारा नव्हता.

त्याच काळांत खोडदच्या यंत्रणेंत मोठा पालट झाला. गुणाकार करणारें खास बांधलेलें यंत्र बाजूस सारून बाजारांत मिळणाऱ्या ४८ संगणकांचा समूह कामास जोडण्यांत आला. प्रत्येक संगणकास गिगाबिट वेगाच्या दोन वाटा दिल्या होत्या. जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांचे भारतीय व परदेशी सहकारी यांनीं २०१० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. हा समूह गुणाकार चालतां चालतां करूं शके. आणि हवें तेव्हां मूळ आंकडेच डिस्कांच्या संचांवर उतरवून घेऊन हिशेब मागाहून, सावकाश करूं शके. ही दुसरी सोय वरवर किरकोळ वाटते. पण जें पूर्वीं त्याच क्षणीं ठरवून टाकावें लागे, तें आतां, थोड्या वेळापुरतें कां होईना, पुढें ढकलतां येऊं लागलें. आणि ठिणगीचा क्षण वेंचून काढण्याची वाट मोकळी झाली.

एक विचित्र गोष्ट येथेंच सांगण्यासारखी आहे. संगणक व डिस्क हीं यंत्रें स्वतःच रेडिओ लहरी फेंकतात. ज्या गोंगाटासाठीं कारखान्यांना तीस किलोमीटर दूर ठेविलें, त्याच जातीचा गोंगाट दप्तराच्या खोलींतून उठतो. म्हणून अशीं यंत्रें धातूच्या आवरणानें बंदिस्त केलेल्या खोलींत ठेवावीं लागतात. दाराच्या फटींतूनहि लहर बाहेर पडूं नये याची काळजी घ्यावी लागते. दूरदूरच्या आकाशगंगांपेक्षां शेजारच्या खोलीचें भय अधिक!

एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळांत खोडद येथून १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाची मोठी पाहणी झाली. तिला दोन हजारांहून अधिक तास लागले. त्या पाहणीचा मूळ गटानें तयार केलेला थोडाच भाग प्रसिद्ध झाला. काम तेथें अडलें असतें तर एवढे तास व्यर्थ गेले असें कोणी म्हणालें असतें. पण जोड्यांच्या साक्षी दप्तरांत शाबूत होत्या व अभ्यासकांस खुल्या होत्या. हुइब इंटेमा, प्रीशांत जगन्नाथन, कुणाल मूळे व डेल फ्रेल या चौघांनीं त्या सर्व नव्यानें घेतल्या. वातावरणाच्या वरच्या थरांत या लहरी वांकतात व चित्र पाण्याखालच्या नाण्यासारखें हलतें. तो दोष काढण्याची नवी रीति आतां उपलब्ध झाली होती. २०१७ सालीं त्यांनीं ५,३३६ नकाशे प्रसिद्ध केले. त्यांत आकाशाचा नव्वद टक्के भाग आला, आणि ६ लक्ष २० हजार रेडिओ-उगमांची यादी सिद्ध झाली. दुर्बिणीस त्यासाठीं पुन्हां एक तासहि खर्चावा लागला नाहीं. दप्तरांत नुसतीं चित्रें ठेविलीं असतीं, तर हें साधलें नसतें. चित्र एकदां हललेलें निघालें म्हणजे तें स्थिर करतां येत नाहीं, त्यासाठीं साक्षीच लागतात.

कांहीं साक्षी तर एकदांच मिळतात. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें स्कियापारेली नांवाचें यान मंगळावर उतरत होतें. त्याच्या लहानशा प्रेषकाचा अतिक्षीण संदेश, अमेरिकेंतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या सहकार्यानें, खोडदच्या तबकड्यांनीं पकडला. जमिनीला टेंकण्यापूर्वींच तो संदेश तुटला. यान आदळून नष्ट झालें होतें.

फाइलच्या रूपाचाहि प्रश्न असतो. मोडी वाचणारे विरळ झाल्यावर मोडी कागदांचें जें होतें, तेंच जुन्या पद्धतीच्या फाइलींचें होऊं शकतें. खोडदची नोंद प्रथम तेथल्याच एका खास रूपांत लिहिली जाते आणि मग फिट्स नांवाच्या रूपांत उतरवितात. हें रूप १९८१ सालीं मांडलें गेलें व पुढल्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय खगोल संघानें मान्य केलें. त्याचा एक दंडक आहे: नवे फेरफार असे करावे कीं, जुनी फाइल वाचतां येत नाहीं असें कधीं होऊं नये. संगणकाच्या जगांत इतका जुना करार पाळला जाणें दुर्मिळच.

पुढें दुर्बिणीची सुधारणा झाली. पट्टा ३३ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंद झाला, म्हणजे बारा पट. वरच्याच हिशेबानें मूळ प्रवाह सेकंदाला ४,८०० कोटी बाइटांवर आणि तासाला १७० टेराबाइटांच्या वर जातो. डिस्का स्वस्त झाल्या, जोडणीचा वेग वाढला. पण आकाश त्यांच्याहून भराभर मोठें झालें. म्हणून निवडीचा जुना प्रश्न नव्या रूपानें परत आला आहे. सर्व मूळ आंकडे ठेवणें आजहि शक्य नाहीं. गुणाकार पुन्हां तेथल्या तेथें होतो, ठिणग्या वगळण्याचें कामहि आतां प्रवाह वाहत असतांनाच यंत्र करतें, आणि यंत्रानें जें वगळलें तें परत मिळत नाहीं.

कांहीं कामें मात्र सांठविल्याशिवाय होतच नाहींत. भारतीय पल्सर-समूहानें २०२२ सालीं १४ पल्सरांच्या साडेतीन वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. या नोंदी युरोपांतील नोंदींशीं जोडून जून २०२३ मध्यें अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वनादाचा पुरावा जाहीर झाला. त्या लहरींचें एकेक आवर्तन वर्षांच्या हिशेबानें चालतें, तेव्हां एका रात्रीची नोंद कितीहि चांगली असली तरी ती एकटी निरुपयोगी.

खोडदच्या नोंदींवर निरीक्षकाचा हक्क अठरा महिने असतो. ती मुदत संपली म्हणजे तीच नोंद, कोणत्याहि देशांतील कोणाहि अभ्यासकास, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या संग्रहांतून मागतां येते.